लेकरांना घेऊन मुंबई : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सहलीबद्दलच्या पत्रांत या वेळी मुंबईच जास्त. गाव विदर्भातलं, रात्रभराची गाडी, सोबत दोन-तीन लहान लेकरं, बरेचदा आजी-आजोबाही, आणि घरातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमची कापूस-तुरीची शेती आहे. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. आपल्याकडच्या शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात, म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबई करावी असं मनात आहे. बरोबर राहील का?
(एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : जून धरू नका. उन्हामुळे आपल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणून ते दिवस मोकळे वाटतात. पण मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. आपण पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेलो असतो, तेव्हा तिथे पाऊस लागलेला असतो. समुद्र खवळतो. गेटवे ऑफ इंडियावरून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद होतात. घारापुरीच्या (एलिफंटा लेण्यांच्या बेटाच्या) बोटी हवामान बघून सुटतात, नाहीतर सुटतच नाहीत. चार दिवसांतले दोन दिवस लेकरं खोलीच्या खिडकीत बसून राहतील.

मे महिन्याबद्दलही एक गैरसमज आहे. आपल्याकडे पारा ४५, तिकडे ३३-३४, म्हणजे गारव्याला चाललो असं वाटतं. आपली हवा कोरडी, त्यामुळे घाम येताच वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या हवेत आधीच पाणी भरलेलं असतं, घाम वाळतच नाही. चार वर्षांच्या मुलीच्या मानेवर, काखेत, जांघेत दुसऱ्याच दिवशी घामोळं उठतं. ज्या कारणानं घाम वाळत नाही, त्याच कारणानं तिथे कूलरही चालत नाही. कूलर गार करतो तो पाण्याची वाफ करून, आणि दमट हवा ती वाफ घेत नाही. म्हणून मे महिन्यात खोली घेताना ‘कूलर आहे का’ हे विचारून उपयोग नाही. पंखा जोरात फिरतो का आणि खिडकी उघडते का ते विचारा, किंवा सरळ एसी घ्या.

तुमच्या पिकांचं गणित धरलं तर दोन वेळा सोयीच्या आहेत. एक, डिसेंबरचा पहिला पंधरवडा, दोन वेचण्यांच्या मधला. एक वेचणी झाली की पुढची बोंडं फुटायला पंधरा-वीस दिवस जातात, त्यात सहा दिवस निघतात. दुसरी वेळ, तूर घरात आल्यावर जानेवारीच्या शेवटी. दोन्ही वेळी मुंबईची हवा लेकरांना मानवणारी असते. शाळा तीन-चार दिवस बुडेल. वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवलं तर या वयात ते भरून निघतं. स्वेटर प्रत्येकी एकच घ्या, तोही आपल्या स्टेशनवरच्या थंडीसाठी आणि गाडीतल्या रात्रीसाठी. मुंबईत तो पिशवीतच राहील.

प्रश्न : आम्ही सहा जण. सासू-सासरे साठीच्या पुढचे, आम्ही दोघं, मुलं आठ आणि चार वर्षांची. तिकीट कसं काढावं? मुलांना अर्धं लागतं ना?
(एक गृहिणी, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : ताई, अर्ध्या तिकिटाचा नियम २०१६ मध्ये बदलला, आणि इथेच बरेच जण फसतात. पाच वर्षं पूर्ण झालेल्या आणि बारा पूर्ण न झालेल्या मुलाला अर्धं भाडं लागतं, पण ते बर्थ न घेता. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. पाचच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही, मात्र त्याला वेगळी जागाही मिळत नाही. रात्रीच्या प्रवासात आठ वर्षांच्या मुलाला बर्थ घ्याच. एका स्लीपर बर्थवर मोठं माणूस आणि आठ वर्षांचं मूल झोपत नाहीत, दोघंही रात्रभर अवघडतात आणि मुंबईतला पहिला दिवस चिडचिडीत जातो. चार वर्षांचं लेकरू तुमच्या खालच्या बर्थवर भिंतीकडे झोपेल. म्हणजे बर्थ पाच, सहा नाही.

तिकिटं दोन भागांत काढा. सासू-सासऱ्यांचं वेगळं, तुमचं वेगळं. खालच्या बर्थचा जो राखीव कोटा आहे, तो साठ वर्षांवरच्या पुरुषांना आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना मिळतो, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोनच प्रवासी असतील तर. सगळ्या घराचं एक तिकीट काढलं की तो हक्क जातो आणि सासूबाईंना वरचा बर्थ येऊ शकतो. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र रेल्वेनं मार्च २०२० पासून बंद केली आहे, ती हिशेबात धरू नका. स्टेशनपर्यंत एसटीनं जाल तेव्हा तुम्हाला आणि सासूबाईंना अर्धं तिकीट लागेल. सासरे पासष्टचे झाले असतील तर त्यांनाही अर्धं. दोघांपैकी कोणी पंचाहत्तरीच्या पुढे असेल तर त्यांना काहीच नाही. आधार कार्ड जवळ ठेवा.

आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. पूर्वीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून गेले. परतीचं तिकीट परतीच्या तारखेप्रमाणे चार-पाच दिवसांनी उघडतं. तेव्हा पुन्हा लक्षात ठेवून काढा, नाहीतर जायचं पक्कं आणि यायचं वेटिंगवर अशी गत होते. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. त्यावर गाडीत चढता येत नाही. तत्काळचा भरवसा लेकरं सोबत असताना ठेवू नका. आदल्या दिवशी एसीचं १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता उघडतं, काही मिनिटांत संपतं, आणि पक्कं झालेलं तत्काळ तुम्ही रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

प्रश्न : आमचे काका डोंबिवलीला राहतात, एक खोली-किचनचं घर आहे. त्यांच्याकडे उतरावं की लॉज घ्यावा?
(एक वाचक, ता. तेल्हारा, जि. अकोला)

उत्तर : काकांना भेटाच, पण चारही रात्री तिथे काढू नका. डोंबिवलीहून सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबईचं मुख्य स्टेशन) लोकलनं तासाभराच्या वर लागतो, आणि सकाळी ८ ते ११ या वेळात त्या गाड्यांत लेकरू कडेवर घेऊन चढणं हे रोजच्या सरावाचं काम आहे, पाहुण्याचं नाही. गर्दी टाळायची तर साडेअकराला निघावं लागतं. मग दुपार प्रवासात आणि परत संध्याकाळच्या गर्दीत. रोजचे तीन तास त्यात जातात.

त्यापेक्षा पहिल्या तीन रात्री फोर्ट, सीएसएमटी किंवा कुलाबा भागात लॉज घ्या आणि शेवटची रात्र काकांकडे काढा. आपल्याकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या कल्याणला थांबतात, म्हणून परतीच्या गाडीत कल्याणहून बसता येईल. त्यासाठी तिकीट काढतानाच चढण्याचं स्टेशन कल्याण टाका. खालच्या उत्तरात दिलेल्या चार दिवसांच्या बेतापेक्षा परतीचा दिवसही एकानं पुढे धरा. दादरला लॉज थोडा स्वस्त पडला तरी लहान मुलांसाठी फोर्टच बरा, कारण दुपारी खोलीवर परत येता आलं पाहिजे. ही दुपारची झोप वाचवण्यासाठी दोन पैसे जास्त गेले तरी ते पूर्ण सहलीत सगळ्यात नीट खर्च झालेले पैसे असतील.

गाडी सकाळी सहा-सातला पोचते आणि लॉजची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी १२ ला मिळते. हे पाच तास आधीच सोडवून ठेवा. फोनवर ‘सकाळी सातला खोली द्याल का, त्याचे किती’ असं स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर स्टेशनवरची विश्रामगृहं आहेत. पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर ती ऑनलाइन मिळतात. तेही नसेल तर प्रतीक्षालयात तोंड-हात धुऊन सामान क्लोक रूममध्ये टाका. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून प्रत्येक बॅगेला छोटं कुलूप घरूनच लावून न्या. कापडी पिशवी आणि गाठोडं तिथे अडतं.

प्रश्न : चार दिवसांत गेटवे, घारापुरी, राणीची बाग, म्युझियम, जुहू, हाजी अली, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, नेहरू विज्ञान केंद्र, संजय गांधी उद्यान एवढं बसवायचं आहे. क्रम लावून द्या.
(एक शिक्षक, ता. मेहकर, जि. बुलडाणा)

उत्तर : सर, यातली अर्धी यादी खोडावी लागेल. पाच वर्षांच्या मुलाची दिवसाची ताकद एका मोठ्या ठिकाणापुरती असते, तीही सकाळची. दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी वाळूत किंवा मोकळ्या जागेत खेळ. याहून जास्त कोंबलं की तिसऱ्या दिवशी ताप येतो, आणि मग राहिलेलं काहीच होत नाही.

आधी सुट्टीचे वार बघा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. राणीची बाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय) आणि तिच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. हे दोन वार टाळायचे तर बुधवारी संध्याकाळी घरून निघून गुरुवारी सकाळी मुंबईत उतरणं सगळ्यात सोयीचं.

गुरुवारी काही बघू नका. झोपा, आंघोळी करा, जेवा. पाचच्या सुमारास गिरगाव चौपाटीवर जा. मुलं पहिल्यांदा समुद्र बघणार आहेत, त्यासाठी एक संध्याकाळ मोकळी असू द्या.

शुक्रवारी घारापुरी. गेटवेहून बोटी सकाळी ९ च्या सुमारास सुटायला लागतात. पहिल्या दोनपैकी एक धरा. पाऊण ते एक तास लागतो. बोटीत बसल्याबरोबर लाइफ जॅकेट मागा आणि मुलाच्या मापाचं आहे का ते बघा. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यातून वर निसटतं. मळमळ टाळायला एक तास आधी हलकं खाऊ घाला, रिकाम्या पोटी किंवा भरल्या पोटी नको. खालच्या मजल्यावर मधोमध बसा आणि लेकराला दूर क्षितिजाकडे बघायला सांगा, मोबाइलकडे नाही. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. मुलं तिच्यावर खूश होतात. पुढे सुमारे १२० पायऱ्या. बाबागाडी इथे निरुपयोगी, जुन्या लुगड्याची झोळी बरी. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा. माकडं हातातली बाटली आणि खाऊ ओढून नेतात, म्हणून सगळं चेन लावलेल्या पिशवीत. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही. दोन तास पुरेत, एकच्या बोटीनं परत या.

शनिवारी राणीची बाग. उघडतानाच पोचा, दुपारनंतर शनिवार-रविवारची गर्दी होते. पेंग्विन आधी बघा, तिथली रांग सगळ्यात लवकर वाढते. बाहेर पडताना भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणातला दगडी हत्ती दाखवायला विसरू नका. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. तो बघूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत फुटला, पुढे जोडून इथे उभा केला. कालच बेट बघितलेल्या मुलांना आज त्याचा हत्ती सापडतो, म्हणून हा क्रम उलटा करू नका. बागेचं आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तुमच्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाची लेक ती. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

रविवारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. लहान मुलांसाठी त्यात प्राण्यांचं दालन आणि आवारातलं बालसंग्रहालय, एवढंच दीड तासात. रविवारी फोर्टमधली कार्यालयं बंद, रस्ते रिकामे, त्यामुळे त्या भागातल्या जुन्या इमारती मुलांचा हात धरून पायी बघण्याचा हाच दिवस. लोकलचा मेगाब्लॉकही (रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणं) रविवारी दुपारी असतो, म्हणून त्या दिवशी लांब जायचं ठेवू नका. रात्रीची गाडी धरून सोमवारी घरी.

हाजी अली बसवायचं असेल तर ओहोटीची वेळ बघून बसवा, ती कशी काढायची ते पुढच्या उत्तरात आहे. जुहू आणि संजय गांधी उद्यान या खेपेला सोडा, दोन्ही उपनगरात आहेत. देवदर्शन शनिवारी संध्याकाळी एकच.

एक बारीक गोष्ट : दक्षिण मुंबईत ऑटोरिक्षा नाही. वांद्रे आणि शीवच्या खाली तिला परवानगी नाही, तिथे काळी-पिवळी टॅक्सी मीटरनं जाते आणि चारच माणसं घेते. बेस्टची दुमजली एसी बस दिसली तर दोन स्टॉपांसाठी का होईना बसा, वरच्या मजल्यावर अगदी पुढे.

प्रश्न : आमचे पोट्टे विहिरीत, नदीत पोहतात, भीती नाही. समुद्रात सोडलं तर चालते का? अन् भरती-ओहोटी कशी ओळखावी?
(एक वाचक, ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती)

उत्तर : पोहता येणाऱ्या मुलाचीच जास्त काळजी घ्या. विहिरीचं पाणी जागेवर असतं. नदीचं एका दिशेनं वाहतं. समुद्राची लाट आधी अंगावर येते आणि मग पायाखालची वाळू ओढत मागे जाते, तेव्हा गुडघाभर पाण्यातही मूल आडवं पडतं. खारं पाणी तोंडात गेलं की ठसका लागतो आणि श्वास चुकतो. शिवाय गिरगाव आणि जुहूचं पाणी आंघोळीच्या लायकीचं नाही, शहराचं सांडपाणी त्यात येतं. वाळूत खेळू द्या, घोट्यापर्यंत पाय भिजवू द्या, तेही तुम्ही मनगट धरून. बोटं धरली तर ओल्या हातातून निसटतात. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडे जे तीन-चार पायांचे सिमेंटचे ठोकळे रचलेले दिसतात, त्यांवर मुलांना उतरू देऊ नका. शेवाळानं ते निसरडे असतात आणि मधल्या फटीत पडलेल्याला काढणं कठीण जातं.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत तुमच्या घरच्या पंचांगावर चालते. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे ३ ला भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी ६ ला. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच, अमावास्या-पौर्णिमेला १५ धरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत ताणू नका. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही जातं.

याचा उपयोग असा. हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते. अष्टमीच्या आगेमागे दुपारी १२ च्या सुमारास ओहोटी असते, तेव्हा ती मोकळी मिळते. पुढे कधी अलिबागचा कुलाबा किल्ला कराल तर तिथेही हेच. ओहोटी लागताना चालत जायचं आणि पाणी वळायच्या आत परत यायचं. आत रेंगाळलेली माणसं पुढच्या ओहोटीपर्यंत अडकतात, नाहीतर बोटीची वाट बघतात. चौपाटीवर वाळूत खेळायलाही ओहोटीच बरी, ओली घट्ट वाळू मिळते आणि किल्ले टिकतात.

प्रश्न : लोकलची फार धास्ती आहे. दोन लहान मुलं घेऊन कसं चढायचं? चुकामूक झाली तर?
(एक आई, ता. उमरेड, जि. नागपूर)

उत्तर : वरच्या बेतात लोकल एकदाच लागते, सीएसएमटीहून भायखळ्याला राणीच्या बागेसाठी, आणि ती सगळ्यात सोपी आहे. गाडी तिथूनच सुटते, म्हणून रिकामी उभी असते. सकाळी गर्दी सीएसएमटीकडे येणारी असते, तुम्ही उलट दिशेला जाता. मुख्य मार्गावरची धीमी गाडी धरा. मशीद, सँडहर्स्ट रोड, तिसरं भायखळा. हार्बर या दुसऱ्या मार्गाच्या गाडीत बसू नका, ती सँडहर्स्ट रोडनंतर वेगळी वळते आणि भायखळ्याला जात नाही. परतीला दुपारी १ च्या सुमारास निघा. संध्याकाळी ५ ते साडेआठ लोकलचं नाव काढू नका.

मधल्या स्टेशनांवर गाडी अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही. सँडहर्स्ट रोड गेलं की उठून दारापासून दोन हात आत उभं राहा. मोठं माणूस आधी उतरतं, मग मुलं, शेवटी दुसरं मोठं माणूस. दोन्ही मोठी माणसं एकदम उतरली की लेकरू आत राहतं. बाईसोबत बारा वर्षांच्या आतला मुलगा महिलांच्या डब्यात चालतो, पण घर दोन डब्यांत विभागू नका.

चुकामुकीचा नियम घरीच ठरवा आणि मुलांकडून वदवून घ्या : जो फलाटावर राहिला तो तिथेच थांबेल, जो गाडीत राहिला तो पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबेल. दोघांनी एकमेकांना शोधायला निघायचं नाही. रोज सकाळी निघताना मुलांचा एक फोटो काढा, म्हणजे आज कोणते कपडे आहेत ते सांगावं लागत नाही. हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेननं मोबाइल नंबर लिहा, दुपारी पुन्हा गिरवा, घामानं पुसतो. कपड्यावर मोठ्या अक्षरात नाव नको. अनोळखी माणूस नावानं हाक मारू लागला की लहान मूल त्याच्यावर विश्वास ठेवतं. रेल्वेसाठी १३९, मुलांसाठी १०९८, बाकी कशालाही ११२.

प्रश्न : मुलांना जुन्या इमारती दाखवल्या की ‘घरी चला’ म्हणतात. त्यांना गोडी कशी लावावी?
(एक वाचक, ता. खामगाव, जि. बुलडाणा)

उत्तर : सनावळ्या सांगू नका, कापूस सांगा. तुमच्या खामगावच्या मुलाला कापसाची गाडी, गंजी, जिनिंग माहीत असते. त्याला सांगा की १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसांत युद्ध चाललं होतं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाचे भाव आभाळाला टेकले. तो सगळा माल मुंबई बंदरातून गेला आणि मुंबईत पैशांचा पूर आला. त्या सुबत्तेतल्या प्रेमचंद रायचंद या कापूस-व्यापाऱ्यानं देणगी दिली, आणि त्यातून विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा उभा राहिला. त्याच्या आईचं नाव राजाबाई, म्हणून राजाबाई टॉवर. १८७८ मध्ये पुरा झाला, उंची २८० फूट. ओव्हल मैदानातून बघा, मुलं पळतही राहतील. आपल्या शेतातल्या बोंडाचा आणि या मनोऱ्याचा संबंध आहे हे कळलं की ती इमारत त्यांची होते.

तशीच नाती पुढे दाखवा. गेटवेसमोरचं ताज हॉटेल १९०३ मध्ये उघडलं ते जमशेटजी टाटांचं, आणि त्याच जमशेटजींनी १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली होती. घारापुरीची लेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत तो बेसाल्ट. आपली काळी माती त्याच कातळाची झीज होऊन झालेली, आणि लोणारचं विवरही त्याच दगडात. आत गेल्यावर सुमारे वीस फुटांच्या महेशमूर्तीसमोर मुलांना खाली बसवा आणि मुखं मोजायला सांगा, प्रत्येकाचा चेहरा कसा आहे ते त्यांनाच सांगू द्या.

सीएसएमटीला तर तुम्ही गाडीतून उतरताच. बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं, दहा वर्षं चाललं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. ते दोघं आधी कोण शोधतो असा खेळ लावा, मग भिंतीवरचे दगडी प्राणी-पक्षी मोजू द्या. ते जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी घडवले. याच भागातल्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली, ३४ किलोमीटर. नागपूरला रूळ पोचायला १८६७ उजाडलं. ज्या मार्गानं आपण रात्रभर आलो तो पुढे वाढत गेलेला तोच मार्ग, हे मुलांना फलाटावरच सांगा. एका इमारतीपुढे वीस मिनिटांच्या वर थांबू नका.

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलीला सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, एसएस प्रकार) आहे. तिला एवढ्या लांब नेता येईल का?
(एक वडील, ता. धानोरा, जि. गडचिरोली)

उत्तर : तब्येत स्थिर असेल आणि तिच्या डॉक्टरांची संमती असेल तर नेता येईल. निघायच्या दहा-बारा दिवस आधी त्यांना दाखवा आणि प्रवासात वेदना सुरू झाल्या तर कोणतं औषध किती द्यायचं ते कागदावर लिहून घ्या. रोजची औषधं प्रवासाच्या दिवसांहून चार दिवस जास्तीची घ्या आणि ती अंगावरच्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. सिकलसेल कार्ड, रक्तगट आणि शेवटचा हिमोग्लोबिन रिपोर्ट सोबत असू द्या.

वेदनेचा झटका येण्याची प्रवासातली कारणं ठरलेली आहेत : पाणी कमी पडणं, एकदम गारठणं, अति थकवा आणि जंतुसंसर्ग. गाडीत लघवीला जावं लागतं म्हणून मुलं पाणी टाळतात. तिला दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट आठवणीनं पाजा. एसी डब्यात पायमोजे आणि पांघरूण, चौपाटीवर ओले कपडे लगेच बदला. घारापुरीच्या पायऱ्या तिला चढायला लावू नका, उचलून न्या. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखलं, दम लागला किंवा एकदम फिकट पडली तर खोलीवर वाट न बघता दवाखाना गाठा. परळला के. ई. एम. आणि त्याच्या शेजारीच लहान मुलांचं वाडिया रुग्णालय आहे, भायखळ्याला जे. जे. गेल्याबरोबर ‘सिकलसेल एसएस’ हे पहिलं वाक्य बोला. तुमचा बेत इतरांपेक्षा हलका ठेवा : घारापुरी किंवा राणीची बाग, दोन्ही नको.

प्रश्न : शिदोरी काय न्यावी? बाहेरचं खाऊन मुलांचं पोट बिघडते.
(एक आजी, ता. पवनी, जि. भंडारा)

उत्तर : आजी, गाडीच्या रात्रीसाठी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या आणि कोरडी तिळाची किंवा जवसाची चटणी. ओलं खोबरं किंवा दही घातलेलं काही नको. आपल्याकडे दोन दिवस टिकणारी दशमी मुंबईच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी दुपारी वास धरते, म्हणून पहिल्या सकाळपर्यंत संपेल एवढीच करा. मुरमुऱ्याचा चिवडा एका मोठ्या डब्यात नेला की पहिल्यांदा उघडल्यावरच सादळतो. एका वेळेपुरत्या छोट्या पिशव्या करून तोंड घट्ट बांधा. तिथे गेल्यावर मुलांना गरम वरण-भात, इडली, सोललेलं केळं. चौपाटीवरचा बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं आणि पाणीपुरीचं पाणी यांनीच बहुतेक पोटं बिघडतात. वडापाव समोर तळलेला असेल तर चालेल.

जुलाब लागले तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाका. अर्धी पुडी अंदाजानं ग्लासात टाकली की मिठाचं प्रमाण चुकतं. पुडी नसेल तर एक लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नातवानं सहा तासांत लघवी केली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही किंवा तो सुस्त पडला, तर डॉक्टरांकडे. कपडे प्रत्येक लेकराचे दोन जोड जास्तीचे घ्या. आपल्या अंगणात तासाभरात वाळणारी चड्डी तिथे लॉजच्या खोलीत रात्रभरातही वाळत नाही.